सहाव्या जर्सीतला रविवार

आयर्लंडच्या भूमीवर अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, हंगामातला पहिला अधिकृत सामना झाला तो रविवार, 28 सप्टेंबर 2025 रोजी. मैदान डब्लिनचं क्रोक पार्क. पिट्सबर्ग स्टीलर्सकडून खेळ चालवत होता 41 वर्षांचा ॲरन रॉजर्स, त्याचा हा तिसरा संघ. मिनेसोटा व्हायकिंग्सकडून 32 वर्षांचा कार्सन वेंट्झ, त्याचा सहावा. सलग सहा हंगामांत सहा वेगवेगळ्या संघांचा क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात करणारा वेंट्झ हा या लीगच्या इतिहासातला पहिलाच खेळाडू.

अशा कारकिर्दीकडे लोक दयेने बघतात. एके ठिकाणी टिकला नाही, असं म्हणून मोकळे होतात. त्या रविवारी प्रेक्षकांत बसून मी वेंट्झचं काम बघत होतो आणि मला उलटं वाटत होतं. इतक्या वेळा नव्याने सुरुवात करून पुन्हा त्याच जागी उभं राहता येणं, ही या व्यवसायातली सगळ्यात अवघड कसोटी आहे. त्या दिवसाचे तास क्रमाने मांडले की ती कशी अवघड आहे ते कळतं.

सकाळी 7

डब्लिनमध्ये सात वाजतात तेव्हा मिनियापोलिसमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो. एरवी रविवारी दुपारी खेळणाऱ्या शरीराला इथे वेगळ्याच घड्याळावर जागं व्हायचं असतं. सामना दुपारी अडीचला, म्हणजे पिट्सबर्गच्या सकाळी साडेनऊला आणि आपल्या पुण्याच्या संध्याकाळी सातला.

क्वार्टरबॅकचं काम नेमकं काय, ते आधी सांगायला हवं. मैदानावर प्रत्येक बाजूला अकरा जण. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. तेवढं जमलं की पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाची चाल आधी ठरलेली असते आणि बहुतेक वेळा चेंडू सर्वप्रथम क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो फेकायचा, सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याच्यावर धावून येत असतात. उरलेले दहा जण आपापलं एकेक काम करतात. क्वार्टरबॅकला मात्र अकराच्या अकरा जणांचं काम पाठ असावं लागतं.

म्हणून या माणसाचा संघ बदलणं आणि दुसऱ्या कुणाचा संघ बदलणं यात मोठा फरक पडतो. नुसता पळणारा खेळाडू पायांतला वेग घेऊन नव्या संघात जातो, तिथेही तो वेग चालतो. क्वार्टरबॅकला तिथे सगळं डोक्यातलं सामान नव्याने लावावं लागतं.

सकाळी 9

नाश्ता झाला की कागद. सामन्याच्या सकाळी क्वार्टरबॅक साधारणपणे प्रशिक्षकांबरोबर चालींची यादी शेवटची नजरेखालून घालतात. सुरुवातीच्या दहा-पंधरा चाली बहुतेक संघ आधीच लिहून ठेवतात. प्रत्येक चालीला लांबलचक नाव असतं. खेळाडूंची मांडणी, कोण कुठून कुठे सरकेल, पुढची रांग कुणाला अडवेल, धावणारे कोणत्या वाटेने जातील, हे सगळं त्या एका नावात गुंफलेलं असतं. हीच गोष्ट दुसऱ्या संघात वेगळ्या नावाने ओळखतात.

वेंट्झ व्हायकिंग्सकडे आला तो ऑगस्टच्या अखेरीस, हंगाम तोंडावर आलेला असताना. मेजवानीच्या दिवशी परक्या स्वयंपाकघरात उभं राहून, कुठल्या डब्यात काय आहे ते शोधत पंगतीचा स्वयंपाक करावा, तशी ही परिस्थिती. त्याच्याजवळ एक जुनी शिदोरी मात्र होती. 2023 च्या अखेरचे काही आठवडे तो लॉस एंजेलिस रॅम्समध्ये होता. व्हायकिंग्सचे मुख्य प्रशिक्षक केव्हिन ओ'कॉनेल हे त्याआधी त्याच रॅम्सच्या आक्रमणाचे समन्वयक होते. दोन्ही संघांची पद्धत एकाच घराण्यातली. रॅम्सकडे त्याने एकच सामना सुरू केला होता, 7 जानेवारी 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, आणि तो 21-20 असा जिंकला होता. वरवर बघणाऱ्याला हे थोडेसे आठवडे वाया गेलेले वाटतील, पण डब्लिनच्या सकाळी तीच शिकवणी उपयोगी पडत होती.

ओ'कॉनेलही क्वार्टरबॅकच. 2008 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्यांना निवडलं आणि मग चार-पाच संघांत ते राखीव म्हणून फिरले. त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द फुलली नाही, पण जिथे गेले तिथली पद्धत ते शिकत राहिले. आता त्याच ज्ञानावर ते संघ चालवतात.

सकाळी 11

ड्रमकॉन्ड्रा ते जोन्स रोड हा क्रोक पार्ककडे नेणारा रस्ता एव्हाना पिवळ्या-काळ्या आणि जांभळ्या जर्सींनी भरला होता. पिवळे-काळे फारच जास्त. त्याला कारण आहे. स्टीलर्स संघ 1933 मध्ये स्थापन करणारे आर्ट रूनी यांच्या घराण्याची मुळं डाउन परगण्यातल्या न्यूरीची. त्यांचे पुत्र डॅन रूनी 2009 ते 2012 या काळात अमेरिकेचे आयर्लंडमधले राजदूत होते. तरुण आयरिश लेखकांना 1976 पासून दिला जाणारा रूनी पुरस्कारही याच घराण्याचा. 1997 च्या जुलैमध्ये स्टीलर्स याच क्रोक पार्कवर शिकागो बेअर्सविरुद्ध सराव सामना खेळून गेले होते. व्हायकिंग्सनाही इथे अगदीच परकं म्हणता येणार नाही. डब्लिन हे शहरच नवव्या शतकात नॉर्स दर्यावर्दींनी, म्हणजे व्हायकिंगांनी, वसवलं.

क्रोक पार्क मात्र मूळचं या खेळाचं नव्हे. 1884 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचं हे घर. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या आयर्लंडच्या स्वतःच्या खेळांचे अखिल आयर्लंड अंतिम सामने इथेच होतात. इथल्या हॉगन स्टँडला मायकेल हॉगनचं नाव आहे. 21 नोव्हेंबर 1920 रोजी याच मैदानावर ब्रिटिश फौजांनी केलेल्या गोळीबारात मारला गेलेला तो टिपररीचा खेळाडू. त्या गोळीबारात चौदा जणांचे प्राण गेले. इथल्या गवताला राष्ट्राच्या आठवणीचा भार आहे.

गेलिक खेळात कुणाला पगार नसतो. खेळाडू शिक्षक असतो, डॉक्टर असतो, शेतकरी असतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. ज्या गावच्या क्लबात वाढला त्याच क्लबकडून, त्याच परगण्याकडून तो खेळतो. संघ बदलणारे विरळाच. या व्यवस्थेचा सर्वांत लखलखीत नमुना म्हणजे डब्लिनचा गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन. विज्ञानाचा शिक्षक. 2001 मध्ये डब्लिनच्या वरिष्ठ संघात आला आणि दोन दशकांहून अधिक काळ त्याच निळ्या रंगात राहिला. मधली काही वर्षं थांबून 2023 मध्ये परतला आणि 41 व्या वर्षी नववं अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवून गेला. गोलातून चेंडू नेमक्या सहकाऱ्याच्या हातात पोहोचवणाऱ्या त्याच्या किकआउटने हा खेळच बदलला. इथले जाणकार त्याला क्वार्टरबॅक म्हणतात ते त्यासाठीच.

त्या क्लक्स्टनच्या मैदानावर आज सहाव्या संघाची जर्सी घातलेला माणूस उतरणार होता. एकाला संघ मिळाला तो जन्माने, दुसऱ्याला दर वेळी कामाने मिळवावा लागला. आयर्लंड क्लक्स्टनवर जिवापाड प्रेम करतं आणि ते योग्यच आहे. पण वेंट्झसारख्याची निष्ठा कशात मोजायची, हा प्रश्न मनात घेऊनच मी आत गेलो.

दुपारी 1

सामन्याआधी बरोबर नव्वद मिनिटं दोन्ही संघ आज कोण खेळणार नाही त्यांची नावं जाहीर करतात. एनएफएल संघात 53 खेळाडू, त्यांतले सामन्याला जास्तीत जास्त 48. व्हायकिंग्सचा पहिल्या पसंतीचा तरुण क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी याचा घोटा दुसऱ्या सामन्यात दुखावला होता, म्हणून वेंट्झकडे सूत्रं आली. आठवड्यापूर्वी, 21 सप्टेंबरला, त्याने सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध पहिला सामना सुरू केला आणि संघ 48-10 असा जिंकला. आज त्याच्यामागे राखीव म्हणून होता मॅक्स ब्रॉस्मर, निवड प्रक्रियेत कुणीही न घेतलेला नवखा मुलगा.

राखीव क्वार्टरबॅकचं आयुष्य बाहेरून दिसत नाही. आठवडाभर सराव, बैठका, चित्रफिती, सगळं पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूइतकंच. आणि रविवारी बहुधा नुसतं उभं राहणं. कुणाचा तरी घोटा मुरगळेपर्यंत त्या तयारीची गरज कुणालाच नसते. गरज पडते तेव्हा मात्र चाळीस सेकंदही मिळत नाहीत.

वेंट्झ हे दोन्ही बाजूंनी जगला आहे. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कमध्ये लहानाचा मोठा झाला, व्हायकिंग्सचा चाहता म्हणूनच. 2016 च्या निवडीत फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. 2017 मध्ये तेरा सामन्यांत 33 टचडाउन पास (झेलणारा थेट गुणरेषेपलीकडे पोहोचेल असे) फेकून तो लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जात होता. 10 डिसेंबर 2017 रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. राखीव निक फोल्सने संघ पुढे नेला आणि 4 फेब्रुवारी 2018 रोजी ईगल्सनी पेट्रियट्सना 41-33 असं हरवून आपला पहिला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तो सामना झाला मिनियापोलिसच्या यू. एस. बँक स्टेडियमवर, व्हायकिंग्सच्या घरच्या मैदानावर. जिथे वेंट्झच्या संघाने त्याच्याविना करंडक उंचावला, तेच मैदान 2025 मध्ये त्याचं घर झालं.

2019 मध्ये ईगल्सनी त्याच्याशी चार वर्षांचा 12 कोटी 80 लाख डॉलरचा नवा करार केला. 2020 चा हंगाम घसरला आणि त्याला बाकावर बसावं लागलं. 2021 मध्ये तो इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला, 2022 मध्ये वॉशिंग्टनकडे. तिथे बोट मोडलं, हंगामानंतर मुक्त केलं. 2023 मध्ये नोव्हेंबरपर्यंत त्याला संघच नव्हता. मग रॅम्स. 2024 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा राखीव. 5 जानेवारी 2025 रोजी डेन्व्हरमध्ये त्याने सुरू केलेला एकुलता सामना 0-38 असा हरला. आणि मग व्हायकिंग्स. यादी वाचली तर उतरंड दिसते. ती जगलेल्या माणसाने प्रत्येक पायरीवर नव्या लोकांची नावं, नव्या चाली, नवी हाक शिकली. इथे हाक म्हणजे चेंडू कधी हलवायचा त्याची आरोळी, प्रत्येक सेंटरबरोबर, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूबरोबर, वेगळी जुळवावी लागणारी.

दुपारी 2.30

दोन्ही देशांची राष्ट्रगीतं झाली आणि चेंडू उडाला. गेलिक मैदान 130 ते 145 मीटर लांब. अमेरिकन मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्यांसह 120 यार्ड, म्हणजे सुमारे 110 मीटर. त्यामुळे पांढऱ्या रेषांच्या बाहेर चारही बाजूंनी हिरवं गवत उरलेलं दिसत होतं.

इथून पुढे क्वार्टरबॅकचा दिवस तासांत मोजता येत नाही. एक चाल संपली की दुसरी सुरू करायला चाळीस सेकंद. त्याच्या शिरस्त्राणात छोटा रेडिओ असतो. प्रशिक्षक त्यातून चालीचं नाव सांगतात आणि घड्याळावर पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. त्यानंतर तो एकटा. सहकाऱ्यांच्या कोंडाळ्यात नाव सांगायचं, रांगेत यायचं, समोरच्या बचावाची मांडणी वाचायची, ती आपल्या चालीला मारक असेल तर तिथल्या तिथे चाल बदलायची आणि मग चेंडू मागायचा. सामन्यात हे साठ-सत्तर वेळा.

74 हजारांहून अधिक प्रेक्षकांतले बहुसंख्य स्टीलर्सचे. त्यांच्या हातांत पिवळे टॉवेल. पिट्सबर्गचे समालोचक मायरन कोप यांनी 1975 मध्ये सुरू केलेली ही प्रथा. या खेळात प्रेक्षकांना एक शहाणपण असतं. आपला संघ आक्रमण करतो तेव्हा शांत राहायचं, समोरचा करतो तेव्हा कानठळ्या बसवायच्या, म्हणजे त्याच्या क्वार्टरबॅकचा शब्द दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू जाऊ नये. क्रोक पार्कला गर्जना नव्या नाहीत. वेंट्झचं प्रत्येक चाळीस सेकंदांचं काम त्या गोंगाटात चाललं होतं.

दुपारी 3.30

याच सुमाराला दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान अंतिम सामना सुरू होत होता. नवरात्रातला रविवार आणि त्यात हा सामना, त्यामुळे डब्लिनमधली बहुतेक मराठी घरं टीव्हीसमोर होती. माझ्या खिशातला फोन थरथरत होता. नजर मैदानावरून हलत नव्हती.

कारण सामन्याच्या चार डावांपैकी दुसऱ्यात रॉजर्सने डीके मेटकाफला एक छोटासा पास दिला आणि मेटकाफ तो घेऊन पळत सुटला, थेट 80 यार्ड, टचडाउन. फेक लहान होती, पण बचाव कुठे विरळ आहे हे ओळखून चेंडू नेमक्या क्षणी नेमक्या हातात देणं ही एकविसाव्या हंगामातली नजर होती. त्या दिवशी रॉजर्सने 22 पासांपैकी 18 पूर्ण केले, 200 यार्ड मिळवले.

रॉजर्सची वाट वेगळी. 2005 मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी त्याला 24 व्या क्रमांकावर निवडलं आणि तीन वर्षं तो ब्रेट फार्व्हच्या मागे बाकावर बसला. 2008 मध्ये संघ त्याच्या हाती आला. फेब्रुवारी 2011 मध्ये त्याने सुपर बोल जिंकला तो याच स्टीलर्सना हरवून. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून चार वेळा त्याचा गौरव झाला. अठरा हंगाम एका संघात काढल्यावर 2023 मध्ये तो न्यू यॉर्क जेट्सकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात, चौथ्याच चालीला, त्याच्या टाचेची शीर तुटली. वय 39. तिथेच थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती. जून 2025 मध्ये त्याने स्टीलर्सशी एका वर्षाचा करार केला.

एकाच संघात अठरा वर्षं काढलेल्या माणसालाही शेवटी नव्या घरात जाऊन नव्याने शिकावंच लागलं. फार्व्हचंही तेच झालं होतं. पॅकर्सनंतर तो जेट्सकडे आणि तिथून व्हायकिंग्सकडे गेला. लांब कारकीर्द म्हटली की कधी ना कधी हा प्रवास येतोच. फरक एवढाच, की वेंट्झला तो अठ्ठाविसाव्या वर्षापासून करावा लागला.

आपल्याकडे हे दोन्ही रंग एकाच माणसात बघायचे तर अजिंक्य रहाणेकडे बघावं. रणजी म्हटलं की त्याची मुंबई ठरलेली. आयपीएलमध्ये मात्र मुंबई, राजस्थान, पुणे, पुन्हा राजस्थान, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि पुन्हा कोलकाता. 2023 मध्ये चेन्नईने त्याला घेतलं तेव्हा त्याच्याकडून फारशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्याने नव्या संघात नव्या गतीची फलंदाजी केली आणि विजेतेपदात वाटा उचलला. मुंबईवरची त्याची माया त्यामुळे कणभरही कमी झाली नाही.

दुपारी 4

मध्यंतर. स्टीलर्स 14, व्हायकिंग्स 6.

मध्यंतराचा अवधी एरवी बारा-तेरा मिनिटांचा. क्वार्टरबॅक पहिल्या अर्ध्यातल्या बचावाची छायाचित्रं बघतो, प्रशिक्षक फळ्यावर बदल मांडतात, आणि पुन्हा बाहेर.

तेवढ्या वेळात मला एक आयरिश आडनाव आठवलं, रायन फिट्झपॅट्रिक. रॉजर्सच्याच 2005 च्या निवडीतला, पण 24 व्या नव्हे, 250 व्या क्रमांकावरचा. हार्वर्ड विद्यापीठात शिकलेला. सतरा हंगाम, नऊ संघ, आणि नवांकडूनही त्याने सामने सुरू केले. आठ वेगवेगळ्या संघांकडून टचडाउन पास फेकणारा दुसरा कुणी नव्हता. 2018 मध्ये टॅम्पा बेकडून सलग तीन सामन्यांत चारशेहून अधिक यार्ड मिळवणारा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला. आणि तरीही बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. करंडकांच्या हिशेबात त्याची पाटी कोरी. पण नऊ गावांतली माणसं आजही त्याचं नाव हसऱ्या चेहऱ्याने घेतात. जिथे गेला तिथे पहिल्या दिवसापासून त्याने आपलं सर्वस्व दिलं, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

दुपारी 4.45

दुसऱ्या अर्ध्यात सगळा भार वेंट्झवर आला. क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची पाच जणांची रांग मोडत गेली. सेंटर रायन केली डोक्याला मार लागून बाहेर गेला, उजवीकडचा ब्रायन ओ'नील गुडघा धरून. सेंटर बदलला की हातातून हातात चेंडू देण्याची लय बदलते, कुणी कुणाला अडवायचं त्याच्या खुणा बदलतात. चालू सामन्यात वेंट्झला हे सगळं पुन्हा जुळवावं लागलं.

त्या दिवशी तो सहा वेळा चेंडू हातात असतानाच खाली पाडला गेला. त्याचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, एक टी. जे. वॉटने आणि एक डिशॉन एलियटने. दुसरीकडे स्टीलर्सचा केनेथ गेनवेल चेंडू घेऊन पळत दोन टचडाउन करून गेला. चौथ्या डावात फलक 24-6 दाखवत होता.

संध्याकाळी 5.15

अशा वेळी क्वार्टरबॅकचा कस लागतो. हाड दुखतंय, रांग नवी, प्रेक्षक विरोधात, अंतर अठरा गुणांचं. संघातले बाकी दहा जण कोंडाळ्यात त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतात. त्याच्या आवाजात हार ऐकू आली की चाल सुरू होण्याआधीच संपते.

वेंट्झ तोच आवाज काढत राहिला. चाल सांगत राहिला, पडत राहिला, उठत राहिला. एक टचडाउन आणि वर दोन गुण: 24-14. मग जॉर्डन ॲडिसनला 81 यार्डांचा पास, मैदानाचा जवळजवळ सगळा पट्टा एका फेकीत मागे. दुसरं टचडाउन: 24-21. एवढा वेळ आनंदात असलेलं पिवळं मैदान अस्वस्थ झालं. व्हायकिंग्सच्या जस्टिन जेफरसनने त्या दिवशी दहा पास झेलले. घड्याळ मात्र पुरलं नाही. स्टीलर्स तीन गुणांनी जिंकले.

वेंट्झचे आकडे: 46 पैकी 30 पास पूर्ण, 350 यार्ड. पराभवाची जबाबदारी त्या दोन चुकलेल्या फेकींवरही येते, आणि ती टाळता येत नाही. पण ऑगस्टच्या अखेरीस आलेला माणूस सप्टेंबरच्या अखेरीस, मोडक्या रांगेमागे उभा राहून संघाला अठरा गुणांच्या दरीतून तीन गुणांच्या अंतरापर्यंत आणतो, हेही त्याच दिवसाचं सत्य आहे.

संध्याकाळी 6

सामना संपला तरी काम संपत नाही. जिंकलेला असो वा हरलेला, क्वार्टरबॅकला पत्रकारांसमोर जावं लागतं. इतर खेळाडू एखाद्या दिवशी गप्प राहू शकतात, हा नाही. मग बर्फ, पट्ट्या सोडणं, डॉक्टरांची तपासणी.

बाहेर जोन्स रोडवर माणसांचा पूर लोटला होता. पिट्सबर्गहून आलेली कुटुंबं, कॉर्क-गॉलवेची तरुण मुलं, डब्लिनच्या निळ्या जर्सीवर पिवळा टॉवेल टाकलेले म्हातारे. जुलैत याच रस्त्याने केरीचे लोक अखिल आयर्लंड फुटबॉलचं विजेतेपद घेऊन गेले होते. त्यांचा डेव्हिड क्लिफर्ड हा आजच्या घडीचा सर्वश्रेष्ठ गेलिक फुटबॉलपटू मानला जातो. तो शिक्षक आहे आणि फॉसा या आपल्या छोट्या गावच्या क्लबकडूनही खेळतो. दोन्ही सोहळ्यांना या शहराने तेवढ्याच मोठ्या मनाने रस्ता दिला.

रात्री 9

हरल्यावर बहुतेक संघ घरी परततात. व्हायकिंग्स परतणार नव्हते. पुढच्या रविवारी लंडनमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सशी सामना. सलग दोन आठवडे दोन परदेशांत खेळणारा हा लीगमधला पहिला संघ. त्यामुळे रात्रीचं काम ठरलेलं. हरलेल्या सामन्याची चित्रफीत बघायची, कुठल्या चालीत कुणाची जागा चुकली ते टिपायचं आणि ब्राउन्सचा बचाव वाचायला घ्यायचा.

लंडनमध्ये 5 ऑक्टोबरला वेंट्झचा डावा खांदा पहिल्या अर्ध्यातच दुखावला. तो परत मैदानात आला आणि अखेरच्या मिनिटात संघाला मैदानभर नेत ॲडिसनकडे विजयी टचडाउन पास फेकला. व्हायकिंग्स 21-17 असे जिंकले. त्यानंतर तो त्याच खांद्याने ईगल्सविरुद्ध आणि चार्जर्सविरुद्ध खेळला, वेदनेने वाकत खेळला, आणि ऑक्टोबर संपता संपता शस्त्रक्रियेसाठी त्याचा हंगाम थांबला. एका वर्षापुरत्या करारावर आलेल्या, पहिली पसंती नसलेल्या माणसाने हे केलं.

निष्ठा कशात मोजायची, याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या दिवसाच्या तासांत मिळालं. क्लक्स्टनची निष्ठा एका रंगावर होती आणि त्या रंगाने तिला आयुष्यभर जागा दिली. वेंट्झला तशी जागा कुणी दिली नाही, म्हणून त्याने निष्ठा कामावर ठेवली. ज्या संघाची जर्सी त्या रविवारी अंगावर असेल, त्या संघाच्या अकरा माणसांना आपल्या तयारीत उणीव जाणवू द्यायची नाही, एवढंच त्याचं व्रत. आपल्यातले कितीतरी जण गाव सोडून, शहर सोडून, देश सोडून दर काही वर्षांनी नव्या कचेरीत नव्या माणसांमध्ये पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहतात. त्यांच्या कारकिर्दीला कुणी तुटक म्हटलं तर त्यांनी मान खाली घालू नये. तुटक दिसणाऱ्या त्या वर्षांतून एकच धागा सलग जात असतो. बोलावणं येईल तेव्हा आपण तयार असायचं. तो धागा ज्याने सोडला नाही, त्याची कारकीर्द लांबही असते आणि अखंडही.